पान सत्तेचाळीसवरचं कुटुंब

खात्यात माझं काम एकच होतं, शब्द लावणं. इंजिनिअर आकडे द्यायचे, नकाशेवाले चित्रं द्यायचे आणि मी त्यावर भाषा चढवायचो. देशाला जागतिक क्रीडास्पर्धा भरवायच्या होत्या. त्या आम्हालाच का द्याव्यात, हे पटवणारं सहाशे पानांचं बाड परदेशातल्या समितीकडे जायचं होतं. त्या बाडाचं पहिलं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. त्याचं नाव होतं ‘कारण’.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. मलाही तसंच वाटलं होतं. रस्ते होतील, पर्यटक येतील, तरुणांच्या हाताला काम मिळेल, देशाचं नाव होईल, असं सगळं झोकात लिहून मी खर्डा मोठ्या साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी परत सरकवला. “हे सगळेच देश लिहितात,” म्हणाले. दुसरा खर्डा परत आला, सातवा आला, अकराव्याला माझं डोकं फिरलं. मी मुळातच चिडका. जन्मल्यावर मी रडलो नाही, ओरडलो, असं आई सांगते.

“मग साहेब, तुम्हीच सांगा,” मी म्हणालो, “सरकारला हे लचांड हवंय कशाला?”

साहेब रागावले नाहीत. उठून खिडकीपाशी गेले आणि खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले.

“घरी पाहुणे येणार असले की तुम्ही काय करता?”

“आवरतो.”

“आणि ते गेले की?”

“पुन्हा पसारा. सगळ्यांच्याच घरी होतो.”

“पण समजा, पाहुणे पाच-सहा वर्षं येतच राहिले. कधी बेल वाजेल सांगता येत नाही. मग काय होईल? पसारा करायची सवय मोडेल. पुढे पुढे पसारा होता कुठे, हेसुद्धा कुणाला आठवणार नाही.” ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा अगदी प्रेमळ होता. “सरकारला खेळांचं काय करायचंय हो? सरकारला कुणीतरी बघणारं हवं असतं. आपण सांगून लोक बदलत नाहीत, कुणी बघत असलं की आपोआप बदलतात.”

“हे लिहू?”

“छे! लिहायचं ते रस्ते आणि रोजगार.”

अकरावा खर्डा जसाच्या तसा मंजूर झाला. मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या आणि पुढच्या पानांना लागलो.

पान सत्तेचाळीस हे मैदानाच्या आसपास राहणाऱ्या लोकांचं पान होतं. तिथे एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो हवा होता. छापायला द्यायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती, आणि फोटोवाल्याने आणलेली सगळी कुटुंबं आमच्या देशातली वाटत नव्हती. आमचं घर नियोजित मैदानापासून चालत दहा मिनिटांवर. मी म्हटलं, चला माझ्याकडेच. घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. आईने शर्टाच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलर शिवल्या. एकाहत्तरीतही तिचं हसू असं, की समोरच्याला आपण काहीतरी विनोदी बोललो की काय असं वाटावं.

फोटोवाल्याने मला तिच्या शेजारी उभं केलं, काचेतून बघितलं आणि नाक मुरडलं. माझी डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली आहे.

“तुम्ही जरा बाजूला होता का?” तो म्हणाला. “तुमच्याकडे बघून वाटतं, घरात नुकतंच कुणीतरी गेलंय.”

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मला राग आला, पण तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. आणि वेळ कुठे होता? आवक-जावक विभागात एक कारकून होता. बोलताना सगळे दात दिसायचे म्हणून ऑफिसात त्याला बत्तिशी म्हणत. मीच त्याला फोन करून बोलावलं. त्याच्याबरोबर ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरची टेलिफोनवाली आली. मी चेहऱ्यांवर प्रकाश पाडायचा पांढरा पत्रा धरून कडेला उभा राहिलो. आईने बत्तिशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटो झकास आला. खालची ओळ मी तिथेच, माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिहिली: ‘मैदानाशेजारी राहणारी आई, तिचा मुलगा आणि सून. खेळांची ते आतापासूनच वाट पाहत आहेत.’

दोन महिन्यांनी समितीचं पत्र आलं. ते पाहणीला येणार होते आणि पान सत्तेचाळीसवरच्या कुटुंबाला त्यांना घरी जाऊन भेटायचं होतं.

साहेबांनी मला बोलावलं. मी घाबरून गेलो होतो, पण ते शांत होते. “चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” म्हणाले. मी कर्मचारी वसतिगृहात राहायचं, ती दोघं माझ्या घरी. बत्तिशीला सगळं शिकवायचं कामही माझंच. तो वही घेऊन बसला. माणूस मन लावून काम करणारा होता, हे मान्य करायला हवं.

“आई चहात साखर किती घेतात?”

“दीड चमचा.”

“झोपतात कुठल्या कुशीवर?”

“मला काय माहीत? इतक्या बारकाव्यात कोण शिरणार आहे?”

“त्यांना भीती कशाची वाटते?”

मी म्हणालो, माझ्या आईला कशाचीच भीती वाटत नाही. त्याने ते लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर वहीत तिथे काहीतरी भरलेलं होतं. त्याने आईलाच विचारलं असावं.

समितीतून तिघं आले. मुख्य बाई पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या, सोबत दुभाषी. मी फायली घेऊन त्यांच्यामागून माझ्याच घरात शिरलो. आईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. “साहेब, तुम्हीही बसा ना,” म्हणाली. हसू दाबताना माझा जीव गेला. टेलिफोनवालीने चहा आणला. बाईंनी भिंती, पडदे, कुंड्या सगळं बघून घेतलं आणि आईला विचारलं, “मुलगा लहानपणी कसा होता?”

“हट्टी,” आई म्हणाली. “सहा वर्षांचा असताना अकरा दिवस तापाने फणफणला होता. मी नोकरी सोडायची पाळी आली.”

हे मी बत्तिशीला सांगितलं होतं. तो हसला आणि म्हणाला, “तू कारखान्यातून कॉलरच्या कापडाचे तुकडे आणायचीस, कपाळावर ओले करून ठेवायला. त्यातला एक निळ्या रेघांचा होता. मला तोच लागायचा. बाकीचे मी फेकून द्यायचो.”

ते खरं होतं. निळ्या रेघांचा तुकडा होता. तो कपाळावरून खाली सरकला की उशी ओली व्हायची. पण मी स्वतःच हे विसरलो होतो. त्याने सांगितलं तेव्हा मला आठवलं. आई त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

पाहुणे गेल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. “तू सांगितलंस त्याला?”

“मी नाही बाई. मला वाटलं, तू.”

बत्तिशीला विचारलं तर तो गोंधळला. “तोंडात आलं म्हणून बोललो,” म्हणाला. “चुकलं का काही?”

चुकलं काहीच नव्हतं. यजमानपद आम्हाला मिळालं. सगळ्या शहरात भोंगे वाजले, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. करारात एक कलम होतं: ‘प्रस्तावात दाखवलेलं काहीही समारोपापर्यंत बदलणार नाही.’ ते वाक्य माझंच. मला त्याचा अभिमानही होता. समितीची माणसं आता कधीही, न कळवता येऊ शकत होती. म्हणून चार दिवसांचे चार महिने झाले आणि मग साहेब म्हणाले, “समारोपापर्यंत धरून चला.” म्हणजे सहा वर्षं. वसतिगृहात मला पलंग, टेबल आणि भिंतीत एक खुंटी मिळाली.

त्या सहा वर्षांत शहर बाडासारखं होत गेलं. आधी त्यात वावगं काही वाटलं नाही. नकाशेवाल्यांनी जिथे झाड काढलं होतं तिथे झाड लागलं, बाक काढला होता तिथे बाक आला. पण चित्रं रिकामी दिसू नयेत म्हणून नकाशेवाले त्यांत माणसंही टाकतात. चौकात निळी छत्री घेतलेली बाई, कुत्र्याला फिरवणारे आजोबा, वाचनालयासमोर बाकावर पुस्तक वाचणारा तपकिरी कोटातला माणूस. एका सकाळी ऑफिसला जाताना मला तो बाकावर दिसला. तोच कोट, डावा पाय उजव्यावर, पुस्तक मध्यावर उघडलेलं. दुसऱ्या दिवशी होता, महिन्याने होता. चौकात ऊन रखरखत असताना निळी छत्री उघडून बाई उभी असायची. सिग्नल सुटला तरी ती रस्ता ओलांडायची नाही, कारण चित्रात ती ओलांडत नव्हती.

एकदा मी त्या माणसाशेजारी बसलो. “कुठल्या खात्यातून नेमलंय हो तुम्हाला?” मी विचारलं. “आमच्याकडूनच ना?”

त्याने पुस्तकातून वर बघितलं. “नेमलंय? कुणी?”

“मग रोज इथे का बसता?”

मला त्याची कीव आली. उत्तर सापडत नाही म्हणून तो कासावीस झाला होता. “मी इथेच बसतो,” शेवटी म्हणाला, आणि पुन्हा वाचायला लागला. मी जाईपर्यंत त्याने पान उलटलं नाही.

रविवारी मला घरी जायची परवानगी होती, पण खात्याचे साहेब म्हणून. दार लागलं की आई कुजबुजायची, “अरे, वाळलास किती!” आणि निघताना माझ्या कोटाच्या खिशात दोन उकडलेली अंडी सरकवायची. दुसऱ्या वर्षी तिचं कुजबुजणं कमी झालं. तिसऱ्या वर्षी अंडी बशीत यायला लागली, सगळ्यांसमोर, काट्याचमच्यासकट. खरं सांगायचं तर मीही बरेच रविवार चुकवले. काम होतं. शिवाय आपल्याच घरात पाहुण्यासारखं ताठ बसायचं म्हणजे माझा तिळपापड व्हायचा. बत्तिशी मात्र आईचे डोळे दाखवून आणायचा. तिच्या गुडघ्यांसाठी त्याने न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवली. टेलिफोनवाली सुरुवातीला संध्याकाळी स्वतःच्या घरी जायची. कधीतरी तिने जाणं बंद केलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “कुठे जायचं?”

चौथ्या वर्षी एका दुपारी बाजारात मला आई दिसली. ती गर्दीत मागे पडली होती आणि पुढच्या कुणाला तरी हाका मारत होती, “चिमण्या! अरे चिमण्या, थांब की!”

चिमण्या मी. लहानपणी मी भिंतीवर चढून बसायचो म्हणून तिने ठेवलेलं नाव, घराबाहेर कुणालाही माहीत नसलेलं. मी पिशवी टाकून धावलो. “आलो आई!” मी मोठ्याने म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं चुकीच्या घराची बेल दाबणाऱ्याकडे बघावं. पुढून बत्तिशी परत आला, तिच्या हातातली पिशवी त्याने घेतली आणि मला नमस्कार केला. आई त्याला म्हणाली, “साहेबांना ओळखलंस ना? पूर्वी यायचे आपल्याकडे.”

मी तसाच मोठ्या साहेबांच्या खोलीत घुसलो. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी ओरडत होतो. “पान सत्तेचाळीस दुरुस्त करा. चूक माझी आहे, मी लेखी देतो. शुद्धिपत्र काढा.”

“शुद्धिपत्र कशाला लावायचं?” त्यांनी विचारलं. “बाडाला की तुम्हाला?”

त्यांनी कपाटातून बाड काढलं आणि ते पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. आई, बत्तिशी, टेलिफोनवाली. उजव्या कडेला, पांढरा पत्रा धरलेला माझा कोपर आला होता. पहिल्या दिवशी मी तो बघितला होता आणि फोटोवाल्याशी त्यावरून भांडलोही होतो. आता तिथे कोपर नव्हता. भिंत होती, तिच्यावर कॅलेंडरचा खिळा, त्या खिळ्याची बारीक सावलीसुद्धा.

“कुणी पुसला?”

“कुणीच नाही,” साहेब म्हणाले. “ही पहिलीच प्रत आहे.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना? आवरलं जातं.”

मी त्या पानावर बोट फिरवत राहिलो. कागद गुळगुळीत होता, खोडल्याची खूण कुठेही नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. पण तरी एक आशा होती, आणि पुढची दोन वर्षं मी तिच्यावरच काढली. कलमात ‘समारोपापर्यंत’ असं लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं. समारोप झाला की बाड रद्दीत जाईल, बत्तिशी आवक-जावकला परत येईल आणि मी माझ्या आईकडे जाईन. कॅलेंडरवर मी दिवस खोडत होतो. तिच्यासाठी लोकरी मोजे घेऊन ठेवले होते. पहिलं वाक्य काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

खेळ झाले. सोळा दिवस सगळं जग आमच्याकडे बघत होतं आणि आम्ही बघू देत होतो. कोण जिंकलं मला सांगता येणार नाही. मी ऑफिसात बसून टीव्हीवरची दृश्यं बाडाशी ताडून बघत होतो आणि एकही फरक सापडत नव्हता. एकदा कॅमेरा आमच्या गॅलरीवरून गेला. तिघं कठड्याला टेकून हात हलवत होती. आईने हात हलवला तो थेट माझ्याकडे बघून, असं मला वाटलं. पण त्या कॅमेऱ्यातून बघणाऱ्या प्रत्येकालाच तसं वाटलं असणार.

समारोपानंतर तिसऱ्या दिवशी समितीचं शेवटचं विमान गेलं. साहेबांनी खातं बंद केल्याच्या कागदावर सही केली, माझ्याशी हस्तांदोलन करून निरोप दिला. मी पेटी उचलली आणि चालत निघालो. दुपारचे चार वाजले होते. वाचनालयासमोरच्या बाकावर तपकिरी कोटातला माणूस बसलेला होता. “अहो, संपलं! घरी जा!” मी ओरडलो. त्याने डावा पाय उजव्यावर नीट केला.

किल्ली माझ्या खिशात होती, तरी घरापाशी पोचल्यावर माझा हात बेलवर गेला. दार आईने उघडलं. ती आणखी बारीक झाली होती, पण केस नीट विंचरलेले होते आणि अंगातला स्वेटर नवा होता.

“या,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसलो नाही. पेटी खाली ठेवली. ठरवलेलं वाक्य आठवेना. “आई, मी आलोय,” मी म्हणालो. “मी, तुझा मुलगा. सगळं संपलं. आता कुणासमोर काही करून दाखवायचं नाही.”

आतून बत्तिशीने विचारलं, “आई, कोण आहे गं?”

“कुणी नाही, साहेब आलेत,” तिने सांगितलं. मग ती दारातून थोडी पुढे आली, जिन्याकडे वाकून बघितलं, माझ्या मागे आणखी कुणी आहे का ते पाहिलं. आवाज खाली आणून तिने विचारलं, “ते गेले का?”

ती कुजबुजली. चार वर्षांनी कुजबुजली. “गेले,” मीही कुजबुजलो.

“सगळे?”

“सगळे गेले आई. सकाळीच शेवटचं विमान गेलं.”

“नक्की? परत नाही ना येणार?”

“कधीच नाही.”

तिने डोळे मिटून एवढा मोठा श्वास सोडला, की तिचे खांदे दोन बोटं खाली आले. मी हात पुढे केले. मला वाटलं, आता ती माझ्या गळ्यात पडेल.

“मग आता तुम्हीही निघा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती. “तुमची नोकरी होती, मी समजू शकते. पण दमलो हो आम्ही. सहा वर्षं सारखं कुणीतरी बघतंय. आता आम्हाला आमचं आमचं राहू द्या.”

तिने माझी पेटी स्वतः उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली, हात जोडले आणि दार लावलं. मी तिथेच उभा होतो. आत तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली आणि ती मोठ्याने म्हणाली, “गेले बाबा एकदाचे!” मग तिघंही हसली.